ब्रेकबाई नवी गाडी घेतात

गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते ब्रेकबाईंच्या शेजारी बसून, पण खुद्द बाईंना गाडी चालवताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांची जागा शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायांशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गांगरला की तो ब्रेक बाई इतक्या अलगद दाबत की त्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. नाव त्यावरूनच पडलं. कोणीतरी थट्टेनं ठेवलेलं ते नाव बाईंनी गाडीच्या दारावर रंगवून घेतलं, तेव्हा थट्टा करणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

बाईंचं शिकवणं कानाचं होतं. डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनावर. "ऐक, गाडी रडतेय. गिअर बदल." "आता धापा टाकतेय. क्लच हळू सोड." शिकणाऱ्याच्या पायातली भीती इंजिनात उतरते आणि तिथून आपल्या कानात येते, असं त्या म्हणत. मोठ्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चकचकीत गाड्या होत्या, गार खोलीत पडद्यावर धडे चालत. तिथून निराश होऊन निघालेली माणसं शेवटी बाईंच्या फाटकाशी येऊन उभी राहत, आणि बाई त्यांना तयार करून पाठवत. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट त्या कधी घेत नसत.

आता मात्र त्यांची गाडी थकली होती. शिकवण्याच्या गाडीला वयाची मर्यादा असते, ती या महिनाअखेर संपत होती. मंजूर गाडी नसली की शिकवण्याचा परवाना आपोआप जातो, आणि बाईंच्या वयाच्या माणसाला तो नव्यानं मिळत नाही. म्हणजे महिनाअखेरपर्यंत दारात दुसरी गाडी, नाहीतर शिकवणं कायमचं बंद.

कोणती गाडी घ्यायची हेही जवळजवळ ठरलं होतं. नवे शिकाऊ सारखे विचारत, "बाई, आमच्या गाडीला क्लचच नाही, मग तो कशाला शिकवता?" तेव्हा विजेवरची गाडी घ्यायची. शोरूममध्ये एक तयार उभी होती. आड येत होते ते बाईंचे यजमान.

यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं लोण्यासारखे. पण घरात वस्तू घ्यायची म्हटली की ते थांबायला सांगत. फ्रिजच्या वेळी पुढच्या वर्षी दोन दारांचा येतोय म्हणून थांबले, आणि त्या वर्षी अख्ख्या घरानं शेजाऱ्यांकडून बर्फ आणला. इस्त्रीच्या वेळी वाफेची येतेय म्हणून थांबले आणि चुरगळलेल्या शर्टात कचेरीत गेले. त्यांचं वाचन दांडगं होतं. विजेच्या गाड्यांवर तर ते सकाळपासून फोनमध्ये डोकं घालून बसत.

"अगं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," ते जेवताना म्हणाले. "याच गाडीचं सुधारलेलं मॉडेल येतंय. बॅटरी मोठी, एका चार्जिंगमध्ये कितीतरी लांब जाते. आज घेतलीस तर सहा महिन्यांत ती जुनी झालीच म्हणून समज."

"अहो, मला जायचंय कुठे लांब? माझी गाडी दिवसभर याच गल्ल्यांतून गोल गोल फिरते."

"तरी तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

लेक फोनवर होती. फोन भांड्याला टेकवून ठेवलेला. "बाबा, लग्नाच्या वेळी तुम्हाला कोणी नव्या मॉडेलचं सांगितलं नाही, हे आईचं नशीब."

"सांगितलं असतं तर थांबलो असतो," यजमान शांतपणे म्हणाले. "आणि तू आज माझी टिंगल करायला नसतीस."

लेक हसली, मग म्हणाली, "पण परवान्याचं काय, आई?"

बाई काही बोलायच्या आत यजमानांनीच उत्तर दिलं. "गेला तर गेला. किती वर्षं ती लोकांच्या चुकांवर पाय ठेवून बसणार आहे? जरा आराम करेल."

बाईंनी ताटं उचलली. एरवी अशा बोलण्यावर त्यांनी नवऱ्याला आडव्या हातानं घेतलं असतं. आज त्या गप्प राहिल्या, आणि का राहिल्या हे त्यांना स्वतःला नीट ठाऊक होतं. मागच्याच आठवड्यात त्या शेजाऱ्यांच्या विजेवरच्या गाडीत बसल्या होत्या. गाडी निघाली कधी ते कळलंसुद्धा नाही. कानांत कोणीतरी कापूस कोंबल्यासारखं वाटलं. गाडीच जर बोलणार नसेल तर आपण ऐकायचं काय आणि शिकवायचं काय? ही शंका त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. नवऱ्याच्या 'थांबू या'च्या आड ती आयती लपत होती, आणि असं आडोशाला उभं राहणं बाईंच्या जिवाला लागलं.

सकाळी त्यांनी शिवणवालीला फोन केला. ही त्यांची सध्याची सगळ्यात अवघड विद्यार्थिनी. घरोघरी जाऊन मापं घेणारी, पडदे टांगून देणारी, हाताची अतिशय हुशार बाई. सरळ रस्त्यावर छान चालवायची, पण वळण आलं की लाकूड व्हायची. परीक्षेत प्रत्येक वेळी वळणावरच नापास झालेली. बाईंनी तिला आणि यजमानांना बरोबर घेतलं आणि शोरूम गाठलं.

टाय लावलेल्या सेल्समननं अदबीनं स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं. बाई वळसा घालून पलीकडे जाऊन बसल्या.

"मॅडम, चालवून बघायची ना?"

"बघायचीच आहे. ही चालवेल, मी बघेन."

"यांच्याकडे लायसन्स आहे?"

"शिकाऊ आहे. पक्कं असतं तर हिला माझी काय गरज होती?"

सेल्समननं यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी खांदे उडवले. शेवटी शोरूमच्या मागच्या मोकळ्या आवारात, भिंतीपासून लांब, हळू चालवायच्या बोलीवर तो राजी झाला आणि यजमानांबरोबर मागे बसला.

"नवं मॉडेल नक्की कधी येतंय हो?" यजमानांनी बसल्या बसल्या विचारलं.

"येतंय, सर. तारीख वर कळते, आमच्यापर्यंत येत नाही."

"अहो, वर्ग सुरू झालाय," बाई मान न वळवता म्हणाल्या.

गाडी निघाली. बाईंचा पाय सवयीनं ब्रेक शोधायला गेला. खाली नुसती चटई होती. मालकिणीच्या ताब्यात यायच्या आधी गाडीला जादा ब्रेक कोण बसवणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिकाऊ माणसाशेजारी त्या रिकाम्या पायांनी बसल्या होत्या. पायाला आधार नाही आणि कानाला इंजिन नाही. त्यांनी पदर मुठीत धरला, पण चेहरा हलू दिला नाही.

शिवणवाली मात्र खुशीत होती. "बाई, हे तर माझ्या मोटरवाल्या मशीनसारखं आहे. दाबलं की चालतं, पाय उचलला की आपोआप मंदावतं."

"बोलू नकोस. पुढे बघ."

वळण आलं. शिवणवालीचे खांदे वर चढले, गाडी तिरकी होऊन भिंतीकडे सरकू लागली. मागून सेल्समनचा हात सीटवर आपटला. बाईंनी कान टवकारले. सगळं शांत होतं, टायरखाली बारीक खडी तेवढी करकरत होती. आणि त्या शांततेत असायला हवा असा एक आवाज नव्हता. शेजारचा श्वास थांबला होता.

"श्वास सोड," बाई म्हणाल्या.

"अं?"

"श्वास धरून बसली आहेस. सोड आधी. आता पाय उचल. हां. चाक फिरव."

शिवणवालीनं फुस्सकन श्वास सोडला. खांदे खाली आले, पाय सैल झाला, आणि गाडी भिंतीपासून बरीच अलीकडे सुबक वळली.

"श्वास कधीपासून धरतेस?"

शिवणवालीनं विचार केला. "गोल गळा शिवताना धरते, बाई. टीप हलू नये म्हणून. वळण दिसलं की तसंच होतं वाटतं."

"मग इथे गळा शिवायचा नाही. वळायच्या आधी मोठ्यानं श्वास सोडायचा. मला ऐकू आला पाहिजे. चल, पुन्हा."

त्या आवारात त्यांनी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. दर वळणाला शिवणवाली फुंकर मारल्यासारखा श्वास सोडी आणि गाडी मुकाट वळे. इंजिनाच्या घरघरीत इतके दिवस हा श्वास बुडून गेला होता. बाईंच्या मनात आलं, आपले कान इंजिनासाठी कधी नव्हतेच. ते माणसासाठी होते, इंजिन आपलं मधे बसलं होतं. त्यांच्या मुठीतला पदर केव्हाच सुटला होता.

गाडी थांबली तेव्हा यजमान उतरायचं विसरले. बायकोचा वर्ग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. सेल्समन कपाळ पुसत म्हणाला, "सर, मग काय ठरवताय? नव्या मॉडेलसाठी थांबणार असाल तर नाव लिहून ठेवतो."

यजमान आता कुठे खाली उतरले आणि म्हणाले, "गाडी यांची आहे. यांना विचारा."

"हीच," बाई म्हणाल्या. "पण माझ्या बाजूला जादा ब्रेक बसवून द्यायचा. क्लच नको, पायाला तेवढीच ऐसपैस जागा झाली."

"आणि दारावर नाव," यजमान मधेच म्हणाले. "ठळक अक्षरांत. लांबून वाचता आलं पाहिजे."

"अहो, सुधारलेलं मॉडेल आल्यावर हळहळणार नाही ना?"

"हळहळेन की," यजमान म्हणाले. "घरी बसून. तू तुझ्या कामाला जा."

महिना संपायच्या आत बाई गाडी घेऊन वाहन कार्यालयात हजर झाल्या. कारकुनानं दोन्ही ब्रेक तपासले, खिडकीशी येऊन शिक्का उचलला आणि बाईंच्या पिकल्या केसांकडे पाहून थांबला.

"बाई, अजून किती वर्षं शिकवणार?"

"तुम्ही गाडीची मुदत लिहा," बाई म्हणाल्या. "माझी कशाला विचारता?"

शिक्का पडला. बाहेर शिवणवाली स्टिअरिंगवर बसून वाट पाहत होती, परीक्षा जवळ आली होती. बाई शेजारच्या सीटवर बसल्या, जादा ब्रेकवर पाय ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "काढ गाडी. बाजारातून ने आज, तिथे वळणं जास्त आहेत."