जयवंतीबाईंच्या पाल्याचा रिपोर्ट

तिसऱ्या खेपेलाही प्लेटवर काही दिसलं नाही. म्हणजे जंतू भरपूर होते, आम्हाला हवा असलेला मोकळा गोल नव्हता.

बोईसर एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आमची पद्धत साधी. काचेच्या ताटलीत जंतूंच्या खाद्याचा थर, त्यावर जंतू पसरायचे आणि अर्कात भिजवून वाळवलेली कागदी चकती ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत. त्या मोकळ्या गोलाला आम्ही झोन म्हणतो.

एका औषध कंपनीला मलमासाठी इथल्या वनस्पती तपासून हव्या होत्या. पाले वाणगावच्या आतल्या पाड्यावरच्या जयवंतीबाईंनी दिले. बाई गावाला झाडपाल्याचं औषध देतात. बाकीच्या पाल्यांचे झोन आले. बाईंचा ज्याच्यावर सगळ्यात भरवसा, तोच फेल. त्या पाल्याचं नाव लिहीत नाही, नाहीतर वाचून कोणीतरी चोळून बसेल.

लॅबच्या साहेबांना रिपोर्टची घाई होती. म्हणाले, ‘‘मॅडम, नो अ‍ॅक्टिव्हिटी लिहा आणि विषय संपवा.’’

तसं लिहिलं असतं तर बाई कागदोपत्री खोट्या ठरल्या असत्या. माझ्या जिवावर आलं. दोन दिवस मागून घेतले आणि पाड्यावर गेले.

बाई नागली पाखडत होत्या. पाला ताजा लागतो का, उकळता का, असं मी विचारत सुटले. अर्क काढण्यात चूक झाली असेल, असं माझ्या डोक्यात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, तुम्ही लावलात कशावर? मी म्हटलं, जखमेत पू करणाऱ्या जंतूंवर.

‘‘पुवाला हा नाय चालत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हा गजकर्णाचा हाय. तुमाला तवाच सांगलेला.’’

सांगितलं होतं. माझ्या वहीत ‘गजकर्ण’च होतं. लॅबमध्ये नमुन्याचा फॉर्म भरताना मी त्याचं ‘त्वचारोग’ केलं, रिपोर्टमध्ये बरं दिसतं म्हणून. गजकर्ण बुरशीमुळे होतं, हे मी बीएस्सीत शिकलेय. पण फॉर्म बघून लॅबने नेहमीचे बॅक्टेरियाच लावले. मला भयंकर लाज वाटली.

परत येऊन बुरशीवर चाचणी लावायची म्हटल्यावर साहेब वैतागले. बुरशी सावकाश वाढते, आणखी दोन आठवडे जाणार होते. मी म्हटलं, ‘‘सर, चूक माझी आहे, तसं ईमेलमध्ये लिहिते. पण या रिपोर्टवर मी सही करणार नाही.’’ ते बराच वेळ पेन आपटत बसले, मग हो म्हणाले.

बुरशीच्या प्लेटवर झोन आला. अर्क आम्ही अल्कोहोलमध्ये काढतो; शेजारच्या, नुसत्या अल्कोहोलच्या चकतीभोवती झोन नव्हता. म्हणजे काम पाल्याचंच होतं.

मलम काही निघालं नाही. प्लेटपासून माणसाच्या कातडीपर्यंत पोचायला वर्षं लागतात आणि कंपनीला तेवढा धीर नव्हता. पण रिपोर्ट खरा गेला. तो मी पाड्यावर जाऊन वाचून दाखवला. बाईंना त्यात नवीन काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘मंग आता कोनी आला तर तुमाला इचारून लावायचा का?’’

मी नको म्हटलं. आता फॉर्मवर सांगणाऱ्याचा शब्द तसाच ठेवते. माझं शहाणपण रिमार्क्सच्या रकान्यात.