नाक्यापलीकडचे डबे

कागद कुठलाही असो, मोठे बाबू आधी त्यावर निळ्या पेन्सिलीनं एक गोल काढायचे. मग गोलाबाहेर एक ठिपका देऊन समोरच्याला विचारायचे, "आता सांग गा, हा माणूस कुठला?" समोरचा जे सांगेल ते चूक. "माणूस डबा जिथं उघडते, तिथला राह्यते," असं म्हणत ते ठिपक्यापासून गोलाच्या पोटात एक रेघ ओढायचे आणि तोंडातलं पान सावरत हसायचे.

एकाच प्रश्नावर आयुष्य काढणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या वाट्याला मोठे बाबू आले होते. एक्कावन्नची खानेसुमारी आटोपली होती आणि नागपूरच्या कचेरीत आम्ही कारकून मंडळी आकडे जुळवत होतो. ते आमचे हेडक्लार्क. वडील उमरेडला मागावर बसायचे. हे शिकून कचेरीत लागले होते.

परदेशांचे खानेसुमारीचे अहवाल ते कुठून कुठून मागवून वाचायचे. मधल्या सुट्टीत आम्हाला बसल्या जागी जगाची सैर घडायची. विलायतेत घरं सलग कुठवर गेली ते बघतात, स्वीडनकडे दोन घरांमधलं अंतर मोजतात, अमेरिकेत आजूबाजूचा मुलूख शहराशी कामाधंद्यानं किती बांधलेला आहे ते तपासतात. आपल्याकडे म्युनिसिपालटीची हद्द संपली की शहर संपलं.

"हद्दीनंच मोजलं तं असली लंडन आपल्या महाल मोहल्ल्याएवढी राह्यते," ते सांगायचे. "अन् अमेरिकेच्या मापानं मोजलं तं वाडीसारखं दूरचं गाव आपल्या ओसरीतच आलं समज. मग नागपूरले लहान काहून म्हणायचं?" नागपूरला कोणी लहान म्हटलेलं नसायचं. पण त्यांना ते ऐकू आलेलं असायचं.

हा सगळा हट्ट एका वस्तीपायी होता, हे आम्हाला हळूहळू कळलं. उमरेडच्या रस्त्यावर जकातनाक्यापलीकडे कोष्ट्यांची एक वस्ती उठली होती. मागावर पोट भरेना म्हणून शहरातल्या गिरणीत लागलेली ही माणसं. कागदोपत्री ती खेड्यात मोडायची, म्हणून नळाची पाइपलाइन नाक्याशी येऊन थांबली होती. वस्तीतल्या बायका नाका ओलांडून पाण्याचे पितळी गुंड डोक्यावर वाहायच्या. अहवालात ही वस्ती शहराचा भाग म्हणून लागली, तर नळ मागायला कागदाचा आधार होणार होता.

मोठ्या बाबूंनी कचेरीच्या साहेबांपुढे अमेरिकेचा अहवाल उघडून ठेवला. साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, "वस्तीतले निम्म्याहून जास्त कामकरी रोज शहरात येतात, हे मला दाखवा. अहवालात तळटीप घालतो. पण छपाईला पाठवायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबू आणि मी नाक्यावर उभे. गणतीची रीत त्यांचीच होती: वस्तीकडून येणाऱ्या माणसाजवळ डबा दिसला की वहीत एक काडी मारायची. दोन दिवस मोजलं. संध्याकाळी बेरीज केली तर निम्म्याला बरेच कमी पडत होते. मोठ्या बाबूंनी पुन्हा बेरीज केली, मग पान थुंकून आले आणि पुन्हा केली. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी ते सवयीनंच नाक्यावर आले, मागोमाग मी. शहरातल्या विडीच्या कारखान्याकडे निघालेली वस्तीतली एक बाई थांबली.

"बाबूजी, परवापासून काय मोजून राहिले?"

"डबे."

"मंग आमचे काहून नाही मोजले?"

"तुह्याजवळ डबा कुठी हाय वं?"

बाईनं पदराची गाठ सोडून पुढं धरली. आत ज्वारीची भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. "डबा घरधन्याले. आमची भाकर पदरात राह्यते. तुमच्या आईनं कुठी नेला डबा?"

मोठे बाबू आधी चिडले, मग लाजले आणि मग एवढे हसले की नाक्यावरचा शिपाई धावत आला. "माही माय जिंदगीभर पदरात भाकर घेऊन कामाले गेली," ते मला म्हणाले, "अन् मी अमेरिका वाचून राहिलो!" त्याच जागी त्यांनी वहीचं पान फाडलं आणि आम्ही नव्यानं मोजायला लागलो. आता डबाही धरला, पदराची गाठही धरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजून खात्री केली. आकडा निम्म्याच्या पुष्कळ पुढे गेला. साहेबांनी शब्द पाळला.

ती तळटीप घेऊन वस्तीवाल्यांनी दोन वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं नळ आला. आम्ही बघायला गेलो. त्याच बाईनं पहिला तांब्या मोठ्या बाबूंच्या हातात दिला. ते प्याले, आणि चांगलं नेसलेलं धोतर ओलं करून घेतलं.

पेन्शनीत निघाल्यावर ते कुहीला मुलीकडे राहायला गेले. पण दर सोमवारी सकाळच्या मोटारीनं नागपूरला यायचे. एव्हाना मी दुसऱ्या कचेरीत होतो. दुपारी एकला तिथल्या लिंबाखाली बसून ते माझ्यासोबत डबा उघडायचे. "इतक्या दूर काहून येता?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कुहीत झोपतो फक्त. मले नागपुरात मोज."

साठ साल उजाडलं. पुढच्या गणतीसाठी घरांवर गेरूनं नंबर पडायला लागले होते. एका सोमवारी ते आले नाहीत, निरोप आला. मी कुहीला पोचलो आणि सगळं आटोपून सकाळी निघालो, तेव्हा मुलीनं त्यांचा पितळी डबा माझ्यापुढं ठेवला.

"मोटारीसाठी तयार होऊन बसले होते बाबा. बसल्या बसल्याच गेले. डबा आधीच भरला होता, काका. इथं उघडावासा नाही वाटला."

दुपारी एकला लिंबाखाली बसून मी तो उघडला. भाकर वाळली होती. सुतकाच्या घरचं खाऊ नये म्हणतात. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.