बगीच्यातल्या रेल्वेचा कीमन

वर्ध्याहून पवनारकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला जो मोठा बगीचा होता, त्यातली छोटी रेल्वे फार देखणी होती, असं हल्ली सगळे म्हणतात. मी म्हणते, नव्हती. तिच्या इंजिनाला दरवर्षी पोळ्याच्या आधी हिरवा रंग फासायचे आणि दिवाळीपर्यंत तो उडालेला असायचा. डोंगर होता तो लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेला. पावसाळ्यात त्याच्यावर खरंच गवत उगवायचं आणि तेवढ्यापुरता तो डोंगर वाटायचा. धबधबा वीज असली तर पडायचा. बोगद्याच्या छताला कुणा पेंटरनं चांदण्या काढल्या होत्या, त्या इतक्या मोठ्या की पोरं त्यांना फुलं म्हणायची. मग एक वळण, वळणानंतर तळ्यावरचा पूल, आणि पूल ओलांडला की आलंच स्टेशन. सगळा प्रवास सात-आठ मिनिटांत आटोपायचा.

तरीही ती गाडी मला तुमच्या कुणाहीपेक्षा जास्त आठवते. हे मी भांडायच्या सुरात म्हणते आहे, कारण भांडणच आहे.

झालं असं की जुन्या आठवणींच्या आमच्या एका व्हॉट्सॲप गटात कुणीतरी त्या गाडीचा फोटो टाकला. गटात देवळीपासून समुद्रपूरपर्यंतचे लोक आहेत, बरेचसे आता नागपूर-पुण्याला असतात. फोटोखाली बदाम पडू लागले. किती गोड दिवस, कुठे गेली ती गाडी, आमच्या लेकरांना काय कळणार. मीही बदाम टाकला. मग एका गृहस्थानं लिहिलं की गाडी एका म्हाताऱ्या गँगमनच्या आडमुठेपणापायी बंद पडली. त्यानं ऐन तान्ह्या पोळ्याला गाडी अडवली आणि वरून पोरांकडून बोजाऱ्याचे पैसे उकळले. त्याखाली हसरे चेहरे. आणि त्याखाली एका बाईंचं वाक्य, असेच असतात हे लोक.

तो म्हातारा माझा बाप आहे. होता नाही, आहे. ऐंशी ओलांडलीय, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण सकाळचा पेपर मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते आणि वाचताना मी एखादी ओळ गाळली तर ते बरोबर पकडतात.

आता आधी ते काय होते ते सांगते. ते गँगमन नव्हते, कीमन होते. म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज पहाटे पायी चालायचा, रूळ जिथे स्लीपरला धरलेला असतो तिथली चावी सैल झाली असेल तर हातोड्यानं ठोकायची, आणि काही मोडलेलं दिसलं तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. आयुष्यभर हेच केलं. हजारो माणसं त्यांच्या रुळावरून झोपेत गेली आणि त्यातल्या एकालाही त्यांचं तोंड माहीत नाही. निवृत्त झाल्यावर बगीच्याच्या मालकानं त्यांना छोट्या रेल्वेच्या रुळाकडे बघायला बोलावलं. मालकाला वाटलं असेल, म्हातारा माणूस आहे, झाडालाही पाणी घालेल. बाबांनी झाडाला कधीच पाणी घातलं नाही. ते सकाळी बगीचा उघडायच्या आत हातोडा खांद्यावर टाकून निघायचे आणि त्या सिमेंटच्या डोंगराभोवती, बोगद्यातून, पुलावरून, एकेका चावीवर ठोका देत चालायचे. चालवणारा ड्रायव्हर हसायचा. आमची आई म्हणायची, सरकारनं सोडलं पण रुळानं काही सोडलं नाई.

तान्हा पोळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. लाकडी बैल, पायाला चाकं, गळ्यात माळा, शिंगांना बेगड. पोरं सजून बैल ओढत दारोदार जातात आणि ज्याच्या दाराशी बैल थांबला त्यानं पोराला काहीतरी द्यायचं, नाणं, खाऊ, काहीही. तो बोजारा. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पोळ्याची पूजा नसते. पण लाकडी बैल आमच्या वस्तीतल्या पोरांकडेही असायचे आणि त्या दिवशी कुणी कुणाला अडवत नसे. त्या बगीच्यात एक पद्धतच पडून गेली होती. तान्ह्या पोळ्याला पोरं बैल घेऊन गाडीत बसायची आणि बैलाला खिडकीची जागा द्यायची. बैलाचं तिकीट नसे. डोंगर आला की पोरं बैलाचं तोंड बाहेर काढून त्याला गवत दाखवायची. सात मिनिटांच्या त्या गाडीचं सगळं सौंदर्य मला विचाराल तर हे होतं. आईबाप डोंगराचे फोटो काढत आणि पोरं बैलाला सांगत, पाह्य, तुह्यासाठी किती गवत हाय.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मी माझ्या लेकीला घेऊन गेले होते. ती सहा वर्षांची. रांग फाटकाच्या बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. आणि गाडी जाग्यावरून हलेना. स्टेशनासमोर, इंजिनाच्या पुढ्यात रुळाच्या मधोमध लाल झेंडी रोवलेली आणि तिच्याजवळ बाबा उभे.

पुलाच्या आधीच्या त्या वळणावर दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी तडकली होती. सकाळी ठोका देताना त्यांना आवाजात फरक कळला. त्यांनी मॅनेजरला सांगितलं, पट्टी बदलल्याशिवाय गाडी जाणार नाही. मॅनेजर म्हणाला, आजचा दिवस जाऊ द्या, वर्षाची कमाई आज आहे, उद्या बदलू. बाबा नाही म्हणाले. मग तो म्हणाला, बाबाजी, ही काय राजधानी एक्स्प्रेस आहे का, बैलगाडीपेक्षा हळू चालते. त्यावर बाबांनी जे उत्तर दिलं ते तिथल्या ड्रायव्हरनं नंतर वर्षभर साऱ्या गावाला सांगितलं.

"रुळाले काय समजते, गाडी खेळण्यातली हाय का खरी?"

मालकाला फोन गेला. मालक ओरडला. बाबा झेंडीजवळून हलले नाहीत. रांगेतले आईबाप चिडले, कुणी शिव्या दिल्या, पोरं रडायला लागली. तासभर हे चाललं. मग दोन-चार पोरं कंटाळून फाटकाखालून घुसली आणि बैल ओढत थेट रुळावर आली. मला वाटलं आता बाबा त्यांच्यावर खेकसणार. रुळावर पाय ठेवलेला त्यांना खपत नसे, घरच्यांचाही. पण त्यांनी पोरांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ब्लॉक हाय. ब्लॉकमंदी गाडी नाई चालत, माणूस चालते. या माह्या मागं."

रेल्वेत ज्या वेळी रुळावर काम असतं आणि गाड्या बंद असतात त्याला ब्लॉक म्हणतात. तर त्या ब्लॉकमध्ये बाबा झेंडी हातात घेऊन पुढे आणि मागे तीस-चाळीस लाकडी बैल, असं ते सगळं वऱ्हाड स्लीपरवरून खडखडत निघालं. डोंगरापाशी थांबले. बैलांना गवत मिळालं, या वेळी खरोखरचं, पोरांनी हातानं उपटून दिलेलं. बोगद्यात पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुलावर बाबांनी एकेकाला हात धरून नेलं. आणि स्टेशनात पोचल्यावर प्रत्येक बैल त्यांच्यासमोर येऊन थांबला. थांबणारच, पोरांना तेच माहीत. बाबांनी धोतराच्या सोग्यातून रुमाल काढला, त्यात सुटे पैसे होते, आणि प्रत्येक पोराच्या हातावर एकेक नाणं ठेवलं. सकाळीच घरून घेऊन निघाले होते, कारण तान्हा पोळा होता आणि पोरं येणार हे त्यांना ठाऊक होतं.

लांब रांगेतल्या लोकांना काय दिसलं? म्हातारा उभा आहे, पोरं एकामागून एक जवळ येतात, हाताला हात लागतो, नाणं चमकतं. गाडी अडवणाऱ्या माणसाबद्दल मनात राग होता, त्यामुळे नाणं कोणत्या हातातून कोणत्या हातात गेलं हे त्यांनी रागाला विचारून ठरवलं. ज्या मुलखात बोजारा देण्याघेण्यात माणसं लहानाची मोठी झाली, त्या मुलखात त्यांना बोजारा ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं बाबांना येऊ नका म्हणून सांगितलं. दुरुस्तीसाठी बंद, अशी पाटी लागली. पाटीचा रंग उडाला तरी पट्टी काही बदलली नाही. पुढे इंजिन एका ट्रकवर चढून भंगारात गेलं, डोंगर फोडला, तळं बुजवलं. आता तिथे लॉन आहे आणि लग्नं लागतात. गाडी बंद पडली ती एका लोखंडी पट्टीला खर्च करायचा नव्हता म्हणून. हे मी ठासून सांगते आणि ज्याला खोडायचं असेल त्यानं समोर येऊन खोडावं.

गटात मी हेच लिहिलं. "असेच" म्हणजे कसे, हेही त्या बाईंना विचारलं. दहा मिनिटांत माझा मजकूर गायब. गट चालवणाऱ्यानं मला वेगळा निरोप पाठवला, ताई, इथे वाद नको, फक्त छान आठवणी टाका. मी त्याला विचारलं, पोरं रुळावरून बैल घेऊन गेली ही आठवण छान नाही का? माझ्या बापावर पैसे उकळल्याचा आळ घेणारं वाक्य मात्र अजूनही तिथे आहे. गोड आठवणीत ते चालतं. बापाचं नाव चालत नाही.

या लोकांचं मला हसू येतं आणि संतापही येतो. म्हणे ती गाडी त्यांना प्राणापलीकडे प्रिय होती. पाटी लागल्यावर एकानंही मालकाला जाऊन विचारलं नाही की पट्टी कधी बदलता. गाडी गेली तेव्हा कुणाला पत्ता नव्हता, आता फोटोला बदाम टाकतात. असल्या आठवणीला मी आठवण म्हणत नाही.

म्हणून मी हे कागदावर लिहायला घेतलं. ऑफिसमधून आल्यावर रोज थोडं थोडं. पूर्ण झालं तेव्हा बाबांना वाचून दाखवायचं ठरवलं, कारण त्यांच्यावरचा आळ त्यांना ठाऊकच नव्हता आणि लोकांनी सांगण्याआधी मी सांगितलेला बरा. ते खाटेवर बसून ऐकत होते. आळाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. पट्टीच्या ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली, मी दोन्ही बाजूंना तडा लिहिला होता, तो एकाच बाजूला होता. मी बदललं. मग मी शेवटाकडे आले. तिथे मी लिहिलं होतं: बाबा देत होते, घेत नव्हते, मी त्यांच्या शेजारी उभी राहून हे पाहिलं आहे.

"हे खोडजो," ते म्हणाले.

"काऊन बाबा? खरंच तं हाय. देतच होते तुमी."

"देत होतो. पण तू बाजूले कुठं होती? तू तं लायनीत होती."

मोतीबिंदू आता आला, तेव्हा त्यांचे डोळे लख्ख होते. कीमनची नजर, मैलभर लांबून झेंडी ओळखणारी. इतकी वर्षं त्यांना हे माहीत होतं आणि एका शब्दानंही त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी जे लिहिलं ते हे.

मी रांगेत होते. लोक शिव्या देत होते तेव्हा पुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, कोण हाय हा म्हातारा? मी म्हणाले, कोणास ठाऊक. बाकीची पोरं रुळाकडे धावली तेव्हा माझ्या लेकीनंही बैलाची दोरी ओढली, पण मी तिचं मनगट धरून ठेवलं. ती गेली असती तर त्यांना हाक मारली असती. तशीही ती मारणारच होती, तिनं 'आबाजी' म्हणायला तोंड उघडलं, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी बगीच्यातली सगळी पोरं माझ्या बापाच्या मागून गेली. माझी लेक तेवढी रांगेत उभी राहिली.

हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मी परत वाचलं, एकही ओळ न गाळता.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "दे आता छापाले."