दूध सोसायटीतला सँडर

"डोळे मिटा आन् हात फिरवा."

दारात कोणीही येवो, सिस्टर आधी हे म्हणायच्या. बसा नाही, पाणी घ्या नाही. समोर लाकडाची फळी सरकवायच्या. आपण डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवला की लगेच पुढचा प्रश्न, "सांगा आता, कुठं अडकतंय?" तुम्ही तिथे असता तर तुम्हीही माझ्यासारखेच गोंधळला असता. फळी त्यांची, मशीन त्यांची, आणि परीक्षा आपली!

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. कागदावर नाव असेल. आम्हाला त्या सिस्टरच. शिरूर कासारच्या बाजूच्या वस्त्यांमधली निम्मी पोरं त्यांच्या हातावर आलेली, माझ्या दोन्ही मुलीसुद्धा. पोटावर तळवा ठेवून त्या सांगायच्या, डोकं खाली हाय, काळजी करू नका. ते खोटं ठरल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. अशी बाई निवृत्तीला दोन वर्षं असताना राजीनामा देऊन घरी बसली. कोणी म्हणालं, डॉक्टरशी वाजलं. कोणी म्हणालं, पुढाऱ्याने बदली लावली. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "कंटाळा आला." ते कुणालाच पटलं नाही.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्या साली दुष्काळ असा पडला की बोअर कोरडे पडले, मोटारी पाण्याविना फिरून जळायच्या आणि माझ्याकडे यायच्या. गाव हवालदिल आणि माझ्या दारात रांग. घास गोडही लागायचा आणि घशात अडकायचाही. त्या गर्दीत एक दिवस सिस्टर आल्या, स्टूल ओढून बसल्या.

"मिस्त्री, लाकूड घासायची मशीन घ्यायचीय. कंची घिऊ?"

"कावून? दुकान टाकताय का?"

"न्हाई. छंद."

आमच्याकडे छंद म्हणजे फार तर भजन नाहीतर पत्ते. मी हातातल्या जळक्या तारा बाजूला ठेवल्या.

मग कळलं. त्या साली मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोक झाडं तोडून जळणाला नेत होते आणि सिस्टर त्या ढिगातले सरळ ओंडके निवडून घरी आणत होत्या. मोसंबीचं खोड बारीक, त्यातून अखंड रुंद फळी निघत नाही. म्हणून वखारीत पट्ट्या कापून घ्यायच्या आणि सरसाने एकमेकींना चिकटवायच्या. पण चिकटवल्यावर एक पट्टी वर राहते, एक खाली. सुताराकडे दिलं तर रंधा गाठीपाशी लाकूड उपटतो.

"मंग हातानंच पॉलिश पेपर मारा की," मी म्हणालो.

"हातानं न्हाई जमत मला," त्या म्हणाल्या आणि माझ्या बायकोची तब्येत विचारू लागल्या.

भाचीच्या फोनवर त्यांनी तीन-चार मशिनींचे फोटो आणले होते. ड्रम सँडर म्हणजे जाड लाटण्यासारखा लोखंडी ड्रम, त्याला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळलेली. खालचा पट्टा फळीला आत ओढतो आणि ड्रम तिला वरून घासतो. एक मशीन दोन्ही बाजूंनी बंद होती, म्हणजे भक्कम. दुसरीचा ड्रम एका बाजूला उघडा. तिच्यात रुंद फळी एकदा अशी, एकदा फिरवून घालता येते. मी भक्कम घ्या म्हणालो. त्यांनी उघडी निवडली.

"मिस्त्री, अडलं तर दुसरीकडून वाट पायजे."

हे लाकडाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, मला समजलं नाही. पण तिला थ्री फेज लागत होती. त्यांच्या घरी ती नव्हती.

थ्री फेज होती दूध सोसायटीच्या संकलन केंद्रात. जनावरं सगळी चारा छावणीत, दूध बंद, खोलीला कुलूप. चेअरमन भला माणूस. त्यांनी किल्ली सिस्टरांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "वापरा. दूध सुरू झालं की मात्र सोडावी लागंल."

औरंगाबादहून मशीन आली, जोडणी मी केली. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी ड्रम जास्त खाली घेतला. फळी अडकली, धूर निघाला, लाकडावर काळा पट्टा उठला, पेपर फाटून टरटरू लागला. मी धावत जाऊन स्विच पाडला. सिस्टर मशिनीच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "हळू बाई, हळू. जोर नको लावू. श्वास घे." चेअरमन दारातून हसत गेले.

पुढे जमलं. एका फेरीला केसाएवढं घासायचं, ड्रम जरासा खाली, मग पुढची फेरी. आधी खरखरीत पेपर, मग बारीक. पण उघड्या ड्रमची एक खोड असते. तो अंमळ तिरका बसला की फळीच्या मधोमध बारीकशी धार राहते. डोळ्याला ती दिसत नाही, बोटाला लागते. आणि ती धार शोधायला सिस्टर मला बोलवायच्या. पोस्टमनला, चेअरमनला, पाणी भरायला चाललेल्या बायांना बोलवायच्या. ज्या हाताने पोटातलं बाळ ओळखलं, तो हात फळीला का विचारत नाही? मला वाटायचं, बाई आपली गंमत करतेय.

एका दुपारी मी पट्टा ताणायला गेलो होतो. सिस्टर ताजी कापलेली पट्टी उचलून मशिनीवर ठेवत होत्या. पिवळ्या लाकडावर लाल ठिपके पडत गेले.

"सिस्टर, रक्त!"

"कुणाचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या तळव्यात लाकडाची बोटभर फास घुसली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी ती ओढून काढली, तरी त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्या दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसल्या.

"साखरेनं हात मेले, मिस्त्री. लई दिवस झाले."

मी फडक्याने त्यांचा तळवा बांधू लागलो.

"शेवटच्या दिवशी एक पोरगी आलती, लांबच्या तांड्यावरची, पयलटकरीण. पोटावर हात ठिवला तर काईच कळंना. उशीवर ठेवल्यासारखं. तिची आई म्हणली, सिस्टर, डोकं खालीच ना? मी म्हणलं, हो, खाली हाय." त्यांनी हातावरचं फडकं आवळलं. "अंदाजानं म्हणलं, मिस्त्री. बाळ पायाळू होतं. डॉक्टरनं गाडी करून बीडला धाडलं. दोघं जगली. पण माझ्या शब्दावर ती आई निवांत बसलती. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला."

गावाने इतके दिवस ज्यावर डोकं खाजवलं त्याचं उत्तर एवढं होतं. मी मशीन सुरू केली, फळी आत दिली, पलीकडून निघाल्यावर डोळे मिटून हात फिरवला आणि जिथे धार लागली तिथे नीट पेन्सिलने खूण केली. त्या दिवसापासून मी ते काम मन लावून केलं.

दुसऱ्या वर्षीही पावसाने ओढ दिली. सगळे आभाळाकडे बघायचे. सिस्टर एकदा म्हणाल्या, "देवाला काय मागावं तेच समजंना. पाऊस पडू दे म्हणते, आन् मग ह्या खोलीकडं बघते." मी म्हणालो, "माझंबी तसंच हाय." आम्ही दोघंही खाली मान घालून बसलो, चोरी सापडल्यासारखे.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. जनावरं परतली, सकाळी कॅन वाजू लागले. चेअरमन दोनदा दारापर्यंत येऊन न बोलता गेले. शेवटी सिस्टरांनीच खोली झाडली, भिंतीवरचा भुसा ओल्या फडक्याने पुसला आणि किल्ली नेऊन दिली. "दुधाला वास लागायला नको," एवढंच म्हणाल्या. मशीन माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात आली. बाजाराच्या दिवशी त्या यायच्या, एखादी फळी करायच्या. पण गिऱ्हाइकांच्या गलक्यात त्यांचं मन रमेना. पुढे पायाची जखम बरी होईना, तेव्हा बहिणीकडे धारूरला गेल्या.

गेल्या साली पुन्हा पाऊस नव्हता. श्रावण कोरडा गेला आणि धारूरहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. सिस्टर गेल्या. मी गावात अजून कुणाला सांगितलं नव्हतं, तोच चौथ्या दिवशी चेअरमन दुकानात आले.

"मिस्त्री, जनावरं छावणीला गेली. दूध बंद. सिस्टरला फोन करा, म्हणावं खोली रिकामी हाय. मागं उठवलं तवापासून मनाला खात होतं."

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"मंग ही किल्ली?"

"मला काय ठाऊक."

त्यांनी किल्ली खिशात घातली, परत काढली, शेवटी माझ्या टेबलावर जळक्या तारांच्या गुंडाळीजवळ ठेवली आणि उठून गेले. तेवढ्यात एक शेतकरी खांद्यावर मोटार घेऊन आला. टेबलावर जागा करायला त्याने किल्ली उचलली आणि विचारलं, "ही कुनाची?"

मी ती घेतली आणि कोपऱ्यातल्या सिस्टरांच्या मशिनीवर ठेवली.