एवारिस्तोचा फराला

उत्रेरा गावात आम्ही बायका झालरीला साधं ‘व्होलान्ते’ म्हणतो. ‘फराला’ हा माद्रिदकडून येणाऱ्या पाहुण्यांचा शब्द. एवारिस्तोने तो उचलला, कारण झालर विकण्यापेक्षा फराला विकण्यात त्याला जास्त रुबाब वाटायचा.

त्याचं लेस-रिबिनीचं दुकान माझ्या शिवणाच्या खोलीला लागूनच. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्याची विद्वत्ता मला फुकट ऐकायला मिळे. वसंतातली जत्रा जवळ आली की गिऱ्हाइकं वाढत आणि शब्दाचे पूर्वजही. जमीनदारीणबाई डोन्या लेओकादिया आली की एवारिस्तो आवाज खाली आणी. “फराला फ्रान्सचा, बाईसाहेब. आपल्यासारख्या घराण्यांनीच इकडे आणला.” पाद्रीबुवांची बहीण ओब्दुलिया आली की तोच शब्द लॅटिन होई, थेट वेदीवरच्या वस्त्राच्या काठावरून उतरलेला. आणि नाचणारी साराय आली की, “अगं, तुम्हा जिप्सी लोकांचीच बोली ती! आम्ही चोरली.”

तिघीही दोन-दोन वार जास्त झालर घेऊन जात. त्याची बायको कासिल्दा म्हणायची, “एक दिवस तिघी एकत्र भेटतील, मग काय करशील?”

“लेओकादिया आणि साराय? एका टेबलाशी? वेडी आहेस का!”

जत्रेत मात्र पाऊस आला. साराय नाचत होती तो मांडव गळायला लागला, आणि ती भिजत आमच्या मांडवात शिरली. तिथे लेओकादिया माद्रिदहून आलेल्या एका प्राध्यापकाला आपला झालरीच्या सात थरांचा घागरा दाखवत होती. “फराला हा शब्द आमच्या घराण्याने फ्रान्सहून आणला बरं का.”

“काय सांगता!” साराय म्हणाली. “तो तर माझ्या आजीच्या बोलीतला.”

“देवाच्या घरचा शब्द आहे तो,” ओब्दुलियाने मान ताठ केली. “एवारिस्तोनेच सांगितलंय.”

“मलाही त्यानेच!” दोघी एकदम ओरडल्या.

एवारिस्तो कोपऱ्यात तळलेला मासा खात होता. सगळ्यांनी त्याला ओढून पुढे आणलं. तोंडातला घास गिळत तो म्हणाला, “तिघीही बरोबर आहात. शब्द लॅटिन. तो फ्रान्सला गेला, तिथे त्याला जिप्सी भेटले…”

पुढचं हशात बुडालं. प्राध्यापकाने चष्मा पुसला. “मुळावरून भांडणं होतील, पण दुसऱ्या अर्थाबद्दल शब्दकोशाला शंका नाही. फराला म्हणजे नको तितकी, भडक सजावट.”

मांडवात सगळेजण घागऱ्याचे सात थर मोजू लागले. सारायच मग म्हणाली, “जाऊ दे, बाईसाहेब. फ्रान्सचाच असेल. तुम्हीच ठेवा.”

लेओकादिया उठली, पण घागऱ्याची कड ओब्दुलियाच्या खुर्चीखाली अडकली होती. सातवा थर टर्रकन फाटला. तो मीच शिवला होता, वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी आपला घागरा थेट सेव्हियाहून आणला. तिथल्या दुकानदाराने म्हणे त्यांना सांगितलं, की हा शब्द इटलीच्या राजवाड्यातला. त्या आता तेच सांगत फिरतात. हे एवारिस्तोच्या कानावर आलं तेव्हा तो भिंतीपलीकडे इतका भडकला, की माझ्या हातातली सुई पडली.

“इटली? काय पण थापा मारतात लोक!”