ठमाबाईचं कोरडं सरण

माणूस म्हातारं झालं की त्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या, असं आपण म्हणतो. कळंबच्या ठमाबाईच्या गोवऱ्या मात्र गोठ्याच्या माळ्यावर होत्या. स्वतःच्या हातांनी थापलेल्या, खडखडीत वाळलेल्या, आणि शेजारी बाभळीच्या लाकडांची मोठी रास. हे तिचं सरण. बाई खुरपायला सगळ्यांच्या पुढं, भांडायला तर त्याहून पुढं, आणि सरण मात्र तयार.

याला कारण तिची सासू. द्वारकाबाई भर श्रावणात गेली. गावात वाळकं लाकूड औषधाला नव्हतं. चिता पेटेना, नुसती धुमसत राहिली. आम्ही शेजारीपाजारी मसणात डोळे चोळत, खोकत बसलो. शेवटी कुणीतरी घरून बैलगाडीचं मोडकं चाक आणून घातलं. म्हातारीनं जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, ती आता बरी ऐकेल, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांना हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. ते हसणं ठमाबाईच्या कानावर गेलं. आपल्या मरणाला असं कुणी हसू नये, ही धास्ती तिनं घेतली ती घेतलीच.

मग तिची तयारी सुरू झाली. इंदापूरच्या बाजारात मडकं घ्यायला गेली तर अर्धा दिवस ठोकून बघत बसली. कुंभार वैतागला. पाण्यासाठी नव्हे, आपल्या तिरडीपुढं धरायला हवंय, असं तिनं सांगितल्यावर तो म्हणाला, ते तर फुटायचंच आहे. त्यावर, म्हणून काय गळकं घेऊ, असं तिनं त्यालाच विचारलं. तिरडीचे बांबू तर तिनं अंगणात आडवी होऊन, मुलाला, सोपानला, मापून आणायला लावले. माळ्यावरच्या गोवरीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. एकदा सून फुलाबाईनं पावसाळ्यात चहापुरती एक घेतली, तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

पुढं चौपन्न सालच्या वैशाखात ठमाबाईच्या नातीचं, सारजाचं लग्न निघालं. नवरा लोणी भापकरचा. वऱ्हाड आदल्या संध्याकाळी आलं आणि त्याच्या मागोमाग वळीव आला. असला झोडपला की मांडव खाली बसला आणि अंगणात रचलेलं सगळं जळण पाण्यात तरंगायला लागलं. सकाळी आचारी गेणू चुलीपाशी फुंकून फुंकून बेजार झाला. अख्ख्या गावात जळण ओलं, वऱ्हाड भुकेलं, आणि वराचे वडील मोहनराव दर घटकेला लापशीची चौकशी करत होते. पाहुणे उपाशी परत गेले असते तर सारजाला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सगळ्यांच्या नजरा गोठ्याकडं जायच्या आणि परत यायच्या. तोंड उघडायची हिंमत सोपानलाही नव्हती. ठमाबाई उंबऱ्यावर बसून होती. तिच्या डोळ्यांपुढं काय असेल ते मला दिसत होतं, कारण द्वारकाबाईच्या चितेच्या धुरात मीही बसलो होतो. मग उठली, पदर खोचला आणि स्वतःच माळ्यावर चढली.

गोवऱ्या चुलीत पडल्या, लापशी शिजली, पंगत बसली आणि मोहनरावांना कुणीतरी सांगितलं की हे सरण आहे. झालं. ते पाटावरून उठले. मढ्याच्या लाकडावर शिजलेलं आमी खाणार न्हाय, म्हणाले.

ठमाबाई पळी घेऊनच बाहेर आली. "मढं कुठं हाय, पावणं?" ती म्हणाली. "मी हितं उभी हाय. मी मरंस्तवर ती चुलीचीच लाकडं हायती."

मोहनरावांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मढ्याचं एकही लक्षण दिसेना. ते खाली बसले आणि लापशी तीनदा मागून घेतली.

माळा रिकामा झाला. त्याच पावसाळ्यात ठमाबाईला असा ताप आला की वैद्यानं हात टेकले. सारजाला सासरहून बोलावून घेतलं. सोपान उशाशी रडत होता. म्हातारीनं डोळे उघडले आणि माळ्यावर किती गोवऱ्या आहेत ते विचारलं. काहीच नाही, आणि बाहेर पाऊस लागलाय, असं त्यानं सांगितलं.

"मग आत्ता न्हाय जमायचं," ती म्हणाली, कूस बदलून झोपली, आणि चार दिवसांनी उठून भांडायला लागली.

पाऊस उघडल्यावर तिनं पुन्हा शेण थापायला घेतलं. पण रास काही वाढेना. सारजा माहेरी आली की जाताना ओच्यात दोन गोवऱ्या घेऊन जायची. फुलाबाई रोज एक चुलीत सारायची. सोपान लाकडं काढायचा, आणि खोटं कशाला बोलू, एकदोन फाटे मीही उचलले. रास पुरी होऊ द्यायची नाही, हे आम्ही कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

ठमाबाई रोज सकाळी माळ्याखाली उभी राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सोपाननं एकदा भीत भीत विचारलं, माळ्याला कुलूप घालू का. कुलूप कशाला, म्हणाली, आणि शेणाची पाटी उचलून कामाला लागली.