मोठ्या घराच्या मागची खोली

ज्या दिवशी मोठं घर पाडाले जेसीबी आली, त्या दिवशी मी मलाजखंडहून मुद्दाम सुट्टी टाकून बालाघाटले आलती. खोटं काहून बोलू? मले ते पडतांना पाहाचं होतं. लोक मोबाइलवर फोटो काढून राह्यलते. एक रिटायर मास्तर तर रडलेच, म्हणे, मालगुजाराचं घर गेलं, शहराची शान गेली. मी म्हणलं, मास्तर, तुमची शान गेली असन. माह्या मायनं त्या शानेच्या पायऱ्या जलमभर झाडल्या, पण त्या पायऱ्या चढून वर कधी गेली नाही. तिच्यासाठी मागून गोठ्याकडचं दार होतं. आम्ही बौद्ध. एवढं सांगतलं का आमच्याकडं बाकीचं सांगा लागत नाही. सागाचे खांब आडवे झाले तवा असा धुरळा उडाला का मास्तरचा चष्मा पांढरा झाला, अन् मले हासू आलं.

घराच्या जागी गरिबांसाठी स्वस्त फ्लॅट होणार होते. जमीन सरकारची, भाडेपट्टा संपलेला, अन् मालगुजाराच्या दोन्ही नातवांनी सह्या करून हात झटकलते. घराच्या मागं नोकरांच्या खोल्यांची चाळ होती. त्यातली एक मायची. मी तिथंच जलमली, बापानं तिथंच जीव सोडला. चाळीत जो राहते त्याले फ्लॅट पक्का, असं ठरलतं. माय तर येणाऱ्या-जाणाऱ्याले थांबवून सांगे, "आता छत गळणार नाही वं. नळ घरात येईन." म्हातारपणी तिले एवढंच पायजे होतं. अन् मले तिच्यासाठी एवढंच पायजे होतं.

मोठ्या घरात शेवटी एकटी बाई राह्यलती, मालगुजाराची विधवा सून. तिचा एक पोरगा नागपूरले, एक रायपूरले. नागपूरवाला म्हणे रायपूरवाला नेईन, रायपूरवाला म्हणे नागपूरवाला. जेसीबी आली तरी नेणारा काही आला नाही. बाई आंब्याखाली खुर्ची टाकून बसलती, मांडीवर पर्स, पायाशी पेटी. घर फिरलं का घराचे वासे फिरतात म्हणते, इथं तर वासे ट्रॅक्टरवर भरून हर्राशीत विकाले चाललते. दिवस बुडाला. मजूर गेले. माय उठली, पेटी उचलली अन् म्हणे, "चला बाई, घरी चला."

मी तिचा हात धरला. "माय, बसू दे तिले. जलमभर आपल्याले बाहेर ठेवलं. आज तिले राहू दे बाहेर."

"लाज वाटू दे वं," माय म्हणे. "म्हातारं माणूस हाय."

बाई आली अन् सरळ खाटेवर बसली. खाट एकच होती. माय खाली आली. दोन-चार दिवस गेले, अन् एका सकाळी बाई आपलं ताट-गिलास बाजूले काढून म्हणे, "हे वेगळं ठेवत जा हो. मला चालत नाही." माह्या मायच्या घरात बसून, माह्या मायच्या हातचा भात गिळून, माह्या मायचाच इटाळ! सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, दुसरं काय? मी बोलली तर माय मलेच म्हणे, "जुनी सवय हाय त्यांची. तुह्यं काय गेलं?"

त्याच दिवसांत फ्लॅटसाठी नावं लिहून न्याले चाळीत सर्वेवाला आला. मी नोती. मलाजखंडले शाळेच्या पोरांचा सैपाक करते मी, रोज रोज सुट्टी कोण देते? मायनं मंग सारं मले हौसेनं सांगतलं. तो दारात उभा राह्यला अन् विचारलं, "घर का मुखिया कौन है?"

आता मायची एक सवय सांगा लागते. बाई समोर असली अन् कोणी काही विचारलं, तर माय जवाब देत नोती. भाजीवाला असो, डॉक्टर असो, पदर सावरून बाजूले सरके अन् म्हणे, "बाईले विचारा." माह्या लग्नाचा दिवससुद्धा बाईले विचारून ठरला. तर सर्वेवाल्यानं विचारलं अन् माय बाजूले सरकली. "बाईले विचारा." स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या उंबरठ्यावर उभी राहून!

बाई खाटेवर, माय खाली. त्याले जे दिसलं ते त्यानं लिहिलं. बाईनं पर्समधून आधार कार्ड काढलं. त्याच्यावर पत्ता मोठ्या घराचा, अन् चाळीचा पत्ता बी तोच. नोकरांच्या खोल्याइले कोण येगळा नंबर देते? मंग त्यानं मायकडं बोट केलं. "और ये?"

बाई म्हणे, "ये हमारे यहाँ काम करती है।"

माय मले सांगते, "बाई हिंदीत किती साफ बोलल्या वं! साहेबानं पुढचं काही विचारलंच नाही." म्हणजे कागदावर घरची मुखिया बाई, अन् माय तिची कामवाली. मी म्हणलं, माय, तू काय करून बसली? तिले काही समजलं नाही. ती म्हणे, "काहून? चांगलंच तर बोलल्या."

चाळ पडली. इमारत उभी होतपर्यंत दोघी बौद्ध वॉर्डात टिनाच्या शेडमध्ये राह्यल्या, बाईचं ताट तिथं बी येगळंच. मी जिथं तिथं विचारत फिरली, सारे म्हणत, चाव्या वाटतीन तवा पाहू. चाव्या वाटल्या. मांडव टाकलता, हार होते, माइक होता. मायचं नाव आलं नाही. बाईचं आलं. बाई उठली, चावी घेतली, फोटो काढला. मायनं त्या चावीले हात लावून पाह्यला अन् म्हणे, "एकच हाय तं एकच. दोघी राहू." बाई म्हणे, "तू स्वयंपाकघरात झोपत जा." आयत्या बिळात नागोबा, अन् बिळाची धनीण त्याले दूध पाजून राह्यली!

मंग आला नागपूरवाला पोरगा. फुकटाचं घर भेटल्यावर त्याले आपली आई बरी आठवली. साऱ्या खोल्या फिरून पाह्यल्या, खिडक्या उघडून पाह्यल्या, अन् माह्यासमोर बाईले म्हणते, "तुझ्यानंतर किरायानं देऊन टाकू." माय खाली बसून फरशी पुसत होती. तो बूट घालून तिच्या पुसलेल्या फरशीवरून गेला, अन् तिनं त्याच्या मागं मागं पुन्हा पुसून घेतलं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी अर्ज टाकला. चकरा मारल्या, भांडली, एका बाबूच्या टेबलावर हात आपटला. शेवटी एक साहेब तपासणीले याले तयार झाला. म्हणे, "अम्मा को खुद बोलना पड़ेगा।"

मी मायले बस स्टँडच्या बाकावर बसवलं अन् पाठ करून घेतलं. "साहेब, खोली माह्यी होती. बाईले मी ठेवून घेतलं." एवढंच. माय रडाले लागली. "बाई कुठं जातीन वं?"

"तुह्यासंगच राहीन. पण तुह्या घरात राहीन," मी म्हणलं. "अन् ती मेल्यावर तू कुठं जाशीन, हे विचारलं का तिनं कधी?"

माय म्हणे, "नाही विचारलं." डोळे पुसले, अन् मी न सांगता तिनं म्हणून दाखवलं. साहेब, खोली माह्यी होती. बाईले मी ठेवून घेतलं. आवाज असा खणखणीत निघाला का बाजूचा केळीवाला वळून पाहाले लागला. मी तिले केळं खाऊ घातलं. मले वाटलं, जमलं आता.

साहेब आला. बाई खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. साहेबाले दुसरी खुर्ची दिली. माय भिंतीले टेकून उभी, मी तिच्या बाजूले. साहेब भला माणूस होता, अदबीनं विचारलं, "हाँ अम्मा, बताओ। पीछे वाला कमरा किसका था?"

मायनं पदर सावरला. पण सरकली नाही. ती म्हणे, "साहेब, खोली माह्यी..."

बाईनं मान वर केली नाही. अडकित्ता थांबला नाही. "अगं, साहेबांना आधी चहा टाक," ती म्हणे.

"हौ बाई," माय म्हणे अन् आत गेली.

साहेबानं माह्याकडं पाह्यलं, मंग सैपाकघराच्या दाराकडं पाह्यलं, अन् कागद फाइलीत घातला. मी ओरडली, "माय, बाहेर ये! आधी बोल!"

आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मंग मायचा.

"साहेबाले साखर चालते का वं?"